तक्ता कोणी धरला होता

माझं काम काय ते सांगितलं की लोक आधी हसतात. आम्ही चंद्रावर उजेड फेकतो आणि तो परत आला की त्याला लागलेला वेळ मोजतो. हिरव्या लेझरचा झोत दुर्बिणीतून वर जातो, फार वर्षांपूर्वी तिथे उतरलेल्या माणसांनी ठेवलेल्या आरशांच्या पेटीवर आपटतो आणि साधारण अडीच सेकंदांनी घरी येतो. घरी येतो म्हणजे काय, उजेडाच्या असंख्य कणांतला एखादा येतो, तोही नशिबात असेल तर. तो आला की माझ्या पडद्यावर एक ठिपका उमटतो. अशा ठिपक्यांची रेघ जमली की त्या दिवसाचा पगार हलाल झाला असं मी समजते.

आमचं ठाणं एका टेकडीवर आहे. एक घुमट, त्याला चिकटून एक नियंत्रण खोली, आणि घुमटाच्या दाराबाहेर लहानशी गच्ची. खोलीत यंत्रांसाठी गारवा ठेवावा लागतो, म्हणून आम्ही बारा महिने स्वेटर घालून बसतो. गच्चीवर मात्र एक माणूस लागतोच. लेझर चालू असताना वाटेत विमान आलं तर वैमानिकाच्या डोळ्यांना इजा होऊ शकते, म्हणून कोणीतरी डोळ्यांत तेल घालून आकाशाकडे बघत बसायचं आणि विमान दिसलं की बटण दाबून लेझर थांबवायचा. आमच्याकडे हे काम करणाऱ्याला सगळे घार म्हणतात. घारीची खुर्ची, घारीचा इंटरकॉम, आणि मागे भिंतीला टेकवलेली अॅल्युमिनियमची शिडी, एवढंच गच्चीवर सामान. घुमटाच्या झडपेत पालापाचोळा अडकला की शिडीवर चढून तो काढायचा.

आणि माझे वडील म्हणत की चंद्रावर माणूस गेलेलाच नाही.

अण्णांनी उभी हयात सिनेमाच्या स्टुडिओत दिवे लावण्यात घालवली. छताखालच्या मचाणावर चढून, तापलेले दिवे हातांनी फिरवून, खालच्या माणसांच्या चेहऱ्यावर पहाट किंवा संध्याकाळ आणायची हा त्यांचा धंदा. त्यामुळे त्यांच्या शंकेला निदान धंद्याचा आधार होता. ‘फोटोत तारे का नाहीत, हा अडाण्यांचा मुद्दा,’ ते म्हणायचे. ‘एवढ्या प्रखर उजेडाला कॅमेरा लावला तर तारे कुठून येतील? माझा मुद्दा सावलीचा आहे. तिथे हवा नाही, मग सावली काळीकुट्ट पाहिजे. पण सावलीतल्या माणसाच्या कपड्याची शिवण दिसतेय. म्हणजे सावलीत उजेड फेकायला समोरून कोणीतरी पांढरा तक्ता धरलाय.’

‘अण्णा, तिथली जमीनच उजेड परत फेकते. जमीनच तक्ता आहे.’

‘जमीन तक्ता धरत नाही, पोरी. तक्ता माणूस धरतो.’

हा वाद आमच्या घरात इतका मुरला होता की माझी आई हयात असताना तो सुरू झाला की ती उठून कपडे वाळत घालायला जायची. कपडे नसले तरी जायची.

पण त्या वर्षी मला घाई झाली. अण्णांच्या डोळ्यांचे पडदे झिजत चालले होते. डोळ्याच्या डॉक्टरांनी यंत्रातून आतला फोटो काढून दाखवला, तो इतका स्पष्ट होता की एकेक पेशी मोजावी. हवेची थरथर काढून टाकून तारा स्वच्छ बघायची आमची दुर्बिणवाल्यांची युक्ती आता डोळ्याच्या आत बघायला वापरतात. तिच्यामुळे त्यांचा आजार लवकर कळला आणि बरीच जास्तीची नजर त्यांच्या पदरात पडली. मी त्या यंत्रासमोर अक्षरशः हात जोडले होते. तरी डॉक्टर म्हणाले, डोळे हे वर्ष काढतील, पुढचं सांगता येत नाही. ज्या माणसानं मला उजेड म्हणजे काय ते शिकवलं, त्यानं माझे ठिपके एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघावेत आणि ‘खरं आहे’ म्हणावं, एवढंच मला हवं होतं. नजर गेल्यावर त्यांनी मान डोलावली असती, तर तो नुसता आंधळ्याचा विश्वास झाला असता.

म्हणून एका संध्याकाळी रीतसर परवानगी काढून मी त्यांना कामावर नेलं. सूर्य नुकताच मावळत होता आणि अर्धा चंद्र डोक्यावर आला होता.

त्यांनी पडद्याला जवळजवळ नाक लावून ठिपके बघितले. आधी भटके, मग हळूहळू त्यांची रेघ.

‘हे तिथून येतायत?’

‘तिथूनच. अगदी त्या पेटीवरून.’

ते पडद्यापासून मागे सरले. मला वाटलं, झालं काम. मग म्हणाले, ‘आरसा काय, यंत्रसुद्धा ठेवून येईल.’

यावर खोटं बोलणं मला शक्य नव्हतं, कारण तिथले काही आरसे खरोखरच माणसाविना गेलेल्या गाड्यांवर आहेत. मी त्यांना चंद्राभोवती फिरणाऱ्या यानाने वरून काढलेले फोटो दाखवले. उतरलेल्या यानाचा खालचा भाग दिसतो, आणि तिथून निघालेली माणसांच्या पावलांची वाट दिसते, शेतातून रोज जाऊन पडते तशी. अण्णांनी त्या वाटेवरून बोट फिरवलं. ‘बाहेर जरा हवा खाऊन येतो,’ ते म्हणाले आणि घुमटातून गच्चीवर गेले.

मी कामाला लागले. थोड्या वेळाने इंटरकॉमवर घार म्हणाला, ‘मॅडम, विमान येतंय. थांबवलाय लेझर.’ मग हसून म्हणाला, ‘काका चंद्राला टॉर्च दाखवतायत.’

पाठोपाठ टॉर्चच्या बटणाचा आवाज मला ऐकू आला. दोनदा.

मलाही हसू आलं. ती खूण माझ्या ओळखीची होती. मचाणावरून खाली दोनदा उजेड दाखवायचा म्हणजे सगळं ठीक. लहानपणी मला अंधाराची भीती वाटायची, तेव्हा कितीही दमून आले तरी अण्णा माझ्या दाराशी थांबून टॉर्च दोनदा लावायचे आणि मग झोपायला जायचे. त्या दोन उजेडांच्या जोरावर मी मोठी झाले, असं म्हटलं तरी चालेल.

पडद्यावर एक पट्टा उमटला.

लेझर बंद होता. अशा वेळी पडद्यावर फक्त तुरळक भटके ठिपके असतात. हा ठिपक्यांचा दाट, सरळ पट्टा होता. एकच. मी म्हटलं, टॉर्चचाच उजेड कुठून तरी आत शिरला असणार. पण मग दोन पट्टे यायला हवे होते, आणि टिकेबरोबरच, असे उशिरा नाही.

‘अण्णा, परत करा बघू तसंच,’ मी इंटरकॉमवर म्हटलं.

टिक, टिक. थोडा वेळ काहीच नाही. मग पट्टा. एकच.

‘झालं का तुझं? थंडी वाजतेय,’ अण्णा म्हणाले. ‘मी येतो आत.’

खरं तर मी तेव्हा यंत्र तपासायला उठायला हवं होतं. मी उठले नाही. मी बटण दाबून विचारलं, ‘अण्णा, तुमच्या खुणांमध्ये एकदा उजेड म्हणजे काय?’

घुमटाच्या दाराशीही एक इंटरकॉम आहे. त्यातून त्यांच्या चपला थांबल्याचं मला ऐकू आलं.

‘एकदा? एकदा म्हणजे थांब. डोक्यावर काहीतरी सुटं आहे.’

मग जे कोसळलं त्याने माझ्या खोलीची काच थरारली.

मी धावत गेले. झडपेचा तोल सांभाळायला तारेच्या दोरखंडावर टांगलेलं लोखंडी वजन घुमटाच्या दारात आतल्या बाजूला पडलं होतं. फरशीचे दोन तुकडे झाले होते. अण्णा उंबऱ्याच्या बाहेर, चौकटीला हात लावून उभे होते. त्यांच्या पायांच्या बोटांवर सिमेंटचा भुगा उडाला होता. घार त्यांच्या दोन्ही खांद्यांना धरून नुसता ‘काका, काका’ म्हणत होता.

मी अण्णांना मिठी मारली. मोठेपणी पहिल्यांदाच. त्यांच्या छातीचे ठोके मला माझ्या कानात ऐकू येत होते आणि मी कोणाचे आभार मानतेय ते मला कळत नव्हतं, पण मानत होते.

दोरखंड आतून गंजला होता, बाहेरून धडधाकट दिसत होता. त्याची चौकशी झाली, नवा बसला. पट्ट्यांची चौकशी मी एकटीने केली. गच्चीचे दिवे, विमानाचे दिवे, विजेचा दाब, ठिपके टिपणाऱ्या यंत्रावरचं झाकण. कशातच काही सापडलं नाही. इंटरकॉमवरचा आवाज आमच्याकडे आपोआप साठवला जातो. टॉर्चची दुसरी टिक आणि पडद्यावरचा पट्टा यांच्यामधला वेळ मी मोजला. दोन्ही खेपांना तोच आकडा. तो मला पुन्हा तपासावा लागला नाही, कारण माझ्या कामाचा तोच आकडा आहे, उजेडाने चंद्रावर जाऊन परत यायचा.

हे मी फक्त अण्णांना सांगितलं. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतलं.

‘म्हणजे गेले होते,’ ते म्हणाले. ‘मान्य.’

हा शब्द ऐकण्यासाठी मी इतकी वर्षं घसा कोरडा केला होता. आता तो आला आणि मला नीटसा आनंदही होईना.

‘एक फोटोत, एक कॅमेऱ्यामागे, असे दोघे जण चालत होते, तेही मान्य,’ अण्णा पुढे म्हणाले. ‘मग सावलीत तक्ता कोणी धरला होता?’

मी उठून भांडी आवरू लागले, आणि आईची आठवण आली.

त्यानंतर ते पुष्कळदा मचाणाबद्दल बोलायचे. नजर जायला लागली तसं जुनं त्यांना जास्त स्वच्छ दिसू लागलं. मी खुणा विचारायची, ते सांगायचे. दोनदा म्हणजे ठीक. एकदा म्हणजे थांब. आणि लांब, न विझणारा उजेड म्हणजे माझं काम संपलं, मी उतरतोय, शिडी धर.

‘खालच्यानं शिडी धरल्याशिवाय वरच्यानं पाय टाकायचा नाही,’ ते म्हणाले. ‘वरून खालच्याचं तोंड कधी दिसत नाही, नुसतं डोकं आणि दोन हात. किती जणांनी माझी शिडी धरली असेल, एकाचाही चेहरा आठवत नाही. हात आठवतात. त्या हातांमुळे तू मला आहेस.’

‘आणि धरायला कोणीच नसलं तर?’

‘तर वरच बसून राहायचं. काम संपलं तरी. कोणी येईपर्यंत.’

वर्ष सरता सरता त्यांना समोरचं दिसेनासं झालं. कडेकडेचं तेवढं दिसायचं, तेही धुरकट. एक दिवस ते म्हणाले, ‘मला एकदा परत ने तुझ्या गच्चीवर. ज्यानं जीव वाचवला त्याला निदान “ठीक आहे” एवढं तरी कळवायला नको? बरं दिसत नाही ते.’

मी नेलं. पुन्हा तशीच संध्याकाळ, आकाशात अजून उजेड होता आणि अर्धा चंद्र वर होता. मी त्यांना घारीच्या खुर्चीत बसवलं, अंगावर शाल घातली, टॉर्च हातात दिली. काम सुरू व्हायला अवकाश होता, म्हणून घार माझ्याबरोबर खोलीत आला आणि माझ्या खुर्चीमागे उभा राहिला. ठिपके टिपणारं यंत्र मी चालू केलं. लेझर नाही.

‘करा, अण्णा.’

टिक, टिक.

मी मनातल्या मनात अडीच सेकंद मोजायला घेतले. मोजावे लागले नाहीत. दुसऱ्या टिकेबरोबरच पट्टा सुरू झाला.

तो थांबला नाही.

रुंद होत होत तो पडद्याच्या कडेपर्यंत गेला.

‘मॅडम, लेझर चालू आहे का?’ घारीने हळू आवाजात विचारलं.

‘नाही.’

आम्ही दोघं बाहेर गेलो.

खुर्ची रिकामी होती. शाल खाली पडली होती आणि टॉर्च तिच्यावर नीट ठेवलेली होती. लांब उजेड आल्याचं अण्णांना कोणी सांगितलेलं नव्हतं.

ते भिंतीपाशी उभे होते. दोन्ही हातांनी शिडीच्या बाजू घट्ट धरलेल्या, एक पाय खालच्या पायरीवर रोवलेला. चेहरा वर, आणि त्या चेहऱ्यावर अशी कृतज्ञता की मी दारातच थांबले.

शिडीवर कोणी नव्हतं. वरची पायरी करकरली. मग तिच्या खालची. मग तिच्याही खालची.

‘सावकाश या,’ अण्णा वर तोंड करून म्हणाले. ‘धरलीय मी.’