आरशातलं बोलणं

केस कापायचे तर कानांतली मशिनं काढून ठेवावी लागतात. मी ती डबीत ठेवली, आणि सगळं दुकान कापसात गुंडाळल्यासारखं झालं.

कारागीर नवा होता. पाठीमागे उभा राहून काहीतरी बोलला, उत्तर येईना म्हणून आरशात पाहिलं... माझी नजर त्याच्या ओठांवर. त्यानं हातातली कात्री थांबवली आणि आरशाकडे तोंड करून पुन्हा विचारलं, "किती कापू?"

"कान दिसतील एवढे."

"लोक तर झाकायला सांगतात."

"आईही तेच सांगते. मशीन दिसलं की स्थळं परत जातात म्हणे."

"मग?"

"जाऊ देत की. दार उघडून धरायला मी आहेच."

तो हसला. हसला की त्याचा डावा गाल आधी हसायचा, उजवा मागून यायचा. मग तो बोलायचा आरशातून, मी ऐकायची डोळ्यांनी... आणि केस वाढायच्या आधीच माझी पावलं तिकडे वळायला लागली.

"वाढलेत कुठे?" तो विचारायचा.

"तू नीट बघतच नाहीस," मी म्हणायची.

मावशी, म्हणजे त्याचीच मावशी, दुकानाची मालकीण. आज माझी डावी बाजू कापून झाली होती, उजवी बाकी होती. मशिनं डबीत बघून मावशी शेजारच्या खुर्चीतल्या बाईंना म्हणाल्या, "पोरगी गोड आहे हो, पण बहिरी. उद्या संसारात हाक मारली, तर हिला कळायची कशी?"

"समोर येऊन मारायची, मावशी," त्यांचे ओठ वाचून मी आरशातूनच म्हटलं. "पाठीमागच्या बोलण्यात तसाही काही राम नसतो."

मावशींचा कंगवा हवेतच राहिला. बाई मांडीवरच्या टॉवेलची घडी घालू लागल्या.

आणि त्यानं... आवाज न करता, नुसते ओठ हलवले. "माझ्याशी लग्न करशील?"

उरात पाखरू फडफडलं. पण चोरून? माझ्यापुरतं? केसांखाली लपवलेल्या कानासारखं?

मी एक मशीन उचललं, मोकळ्या कानात घातलं आणि उठून उभी राहिले.

"मला कळलं," मी म्हटलं. "आता यांनाही ऐकू जाऊ दे. नाहीतर ही मी चालले, अशीच, अर्ध्या केसांची."

त्यानं मावशींकडे पाहिलं. मग माझ्याकडे. कात्री खाली ठेवली.

"मावशी, मी हिला लग्नाचं विचारतोय." काचेपलीकडून जाणारा माणूस वळून बघेल, एवढा मोठा आवाज.

"अरे, ओरडतोस कशाला? मी काय बहिरी आहे?" मावशी म्हणाल्या, आणि जीभ चावली.

आधी मी हसले. मग त्याचा डावा गाल, मग उजवा.

"हो की नाही... ते तर सांग," तो म्हणाला.

मी परत खुर्चीत बसले.

"आधी दुसरा कान मोकळा कर. मग सांगते... मोठ्यानं."