चिलमीतला खडा

देवजी कंपाउंडरने दार उघडलं तेव्हा पायरीवर एक बाई बसली होती. तिच्या टाचा फुटून रक्त आलं होतं. वैशाखऱ्याजवळच्या डोंगरवाडीतून ती दोन दिवस चालत शहापूरला आली होती.

"जयराम तपासनीस हितंच ऱ्हातात ना? मी मालू. माज्या दादल्याला, जैतूला, फौजदारानं धरलाय. त्यो चोर नाय."

जयराम ठोसर देवजीच्या माडीवर राहत असे आणि लोकांचे खासगी तपास करी. साहेबाशी भांडून त्याने पोलिसातली नोकरी सोडली, त्याला चार वर्षं झाली होती. त्याला राग लवकर येई आणि उशिरा जाई. मला विचाराल तर त्याच्यातला तोच मोठा गुण होता.

मालूने सांगितलं ते थोडक्यात असं. जंगलखात्यातून निवृत्त झालेले रावसाहेब नेने मुरबाडला बंगला बांधून राहत. जगभरचे पाईप जमवायचे, हा त्यांचा षौक. जैतू त्यांची बाग बघे आणि सुटीला वाडीवर जाई. रविवारी त्यांचा एक किमती पाईप चोरीला गेला. सोमवारी तो वाडीवरच्या जैतूच्या झोपडीत सापडला, तोही फुटलेला.

"उद्या कोडतात उभा करनार. चौकीत लई मारलाय, रावसाहेब भाईर उबं हुतं. हात सुजलाय त्याचा."

"जैतू काय ओढतो?" जयरामने विचारलं.

"पानाची विडी. दुसरं काय ओढनार?"

जयरामने टोपी घातली. मुरबाडची सर्व्हिस मोटार सुटायला दहा मिनिटं होती; तिघंही निघाले.

रावसाहेबांच्या दिवाणखान्यात काचेची दोन कपाटं होती. पहिल्यात विलायती पाईप होते आणि त्याचं कुलूप तोडलेलं होतं. दुसऱ्यात देशी चिलमी, प्रत्येकीपुढे गावाच्या नावाची चिठ्ठी आणि चिठ्ठीवर त्या चिलमीचा काळाभोर खडा. या कपाटाचं कुलूप शाबूत होतं.

"खडे कशाला?" देवजीने विचारलं.

"खडा चिलमीच्या तळाशी घालतात, नाहीतर तंबाखू ओढणाऱ्याच्या तोंडात येईल," रावसाहेब अभिमानाने म्हणाले. "हे लोक सगळे चिलीमच ओढतात. पंचवीस वर्षं जंगलात काढलीत मी."

मधल्या एका चिठ्ठीवर खडा नव्हता. जयराम तिथे जरा रेंगाळला, मग ओटीवर गेला. आरामखुर्चीच्या कापडाला तीन बारीक भोकं पडली होती. कडा ताज्या जळलेल्या होत्या.

रावसाहेबांचा भाचा रघू ओटीवरच सिगारेट ओढत होता. देवजीला तो पाहताक्षणी आवडला नाही.

"पाईप मामांचा नव्हताच," रघू म्हणाला. "मुंबईच्या एका पारशी शेटजींचा. मीरशॉम म्हणतात त्या दगडाचा. अगदी कोरा, पांढराशुभ्र. नुसता बघायला दिला होता. असल्या दगडाचा पाईप एकदा ओढला तरी डागाळतो, म्हणून दुसऱ्याचा कोरा पाईप ओढायचा नाही, असा या मंडळींचा नेम. शनिवारी शेटजी न्यायला येणार आहेत."

"कपाटांच्या चाव्या?"

"मामांच्या जानव्याला. आंघोळीलासुद्धा काढत नाहीत."

आत फौजदार चहा पीत होता. त्याने रुमालातून पाईप काढला. तोंडाकडचा टवका उडाला होता, बूड मात्र धड होतं. आत काजळी, राख आणि तळाशी घट्ट बसलेला एक काळा खडा.

"चोरानं मजेत ओढलाय," फौजदार म्हणाला. "चिलमीसारखा खडा घालून! आणखी काय पुरावा पाहिजे?"

"झोपडीत कुणाला सापडला?"

"रावसाहेबांना. त्यांनीच पेंढ्यात हात घातला."

"जैतूला इथं आणा," जयराम म्हणाला. "त्याच्यासमोरच बोलेन."

जैतू आला. त्याचा उजवा हात मनगटापासून कोपरापर्यंत निळा पडला होता. मालूने पदर तोंडात धरला. देवजीने तो हात पाहिला आणि पहिल्यांदाच त्यालाही संताप आला.

"रघूच ना?" त्याने जयरामच्या कानात विचारलं.

जयरामने पाईप फौजदारापुढे धरला. "ओढा."

"काय?"

"पेटवू नका. नुसता ओढा."

फौजदाराने ओढला. गाल आत गेले, डोळे बाहेर आले, पण हवा येईना.

"चिलमीचं भोक सरळ खाली असतं. पाईपचं तळाशी, बाजूला. या खड्याने ते पार बुजलंय. म्हणजे पाईप आधी ओढला आणि खडा मागाहून कोंबला. कशासाठी? ओढणारा चिलीमवाला वाटावा म्हणून. जैतू तर विडी ओढतो. सगळे चिलीमच ओढतात, असं या घरात कोण म्हणतं?"

जयरामने आतल्या खड्याकडे बोट दाखवलं.

"खडाही नदीतला नाही. वर्षानुवर्षं धूर खाल्लेला आहे. चिलमींच्या कपाटात एका चिठ्ठीवरचा खडा नाही आणि कुलूप मात्र शाबूत आहे. ते उघडणारी चावी एकाच माणसाच्या अंगावर असते, रघूच्या नव्हे. रावसाहेब, तुम्हाला मोह आवरला नाही. ओटीवर बसून परक्याचा कोरा पाईप पेटवलात. तो हातातून पडला, टवका उडाला, निखारे खुर्चीवर सांडले. आतली काजळी काही केल्या निघेना. नुसती चोरी दाखवून भागत नव्हतं, ओढणाराही दाखवायला हवा होता. मग कुलूप तोडलंत आणि झोपडीत पाईप मुठीत घेऊन गेलात."

रावसाहेब खुर्चीत बसले. "शेटजींना काय तोंड दाखवणार होतो मी? आमच्या मंडळींत अब्रू असते, ठोसर. आणि याला काय, दोन-तीन महिन्यांची शिक्षा..."

"गप्प बसा!" जयराम एवढ्या जोरात ओरडला की फौजदाराची कपबशी खडखडली. "पाईप फुटला म्हणून लाज वाटली. माणसाला बडवताना चौकीबाहेर उभे होतात, तेव्हा नाही वाटली?"

फौजदाराने मान खाली घालून जैतूची बेडी काढली.

"मी पैसे देईन," रावसाहेब पुटपुटले. "औषधपाण्याला. किती पाहिजेत, जैतू?"

जैतूने सुजलेला हात दुसऱ्या हाताने सावरला.

"पैसं नकोत. सगल्या वाडीसमोर मला चोर म्हनून वढत आनला. माज्या पोरीनं बगितला. तुमी वाडीवर चला, रावसाहेब. तितं उबं ऱ्हा नि सगल्यांना सांगा, चोर कोन ते."

"येईन. आज-उद्या केव्हातरी, गाडी जुंपून..."

"आता," मालू म्हणाली. "नि चालत. मी शहापूरपातुर चालतच गेले."

रावसाहेबांनी फौजदाराकडे पाहिलं. फौजदार खिडकीबाहेर बघू लागला. मालू पायऱ्या उतरून फाटकाशी जाऊन उभी राहिली, आणि रावसाहेब खुर्चीखाली वाकून आपल्या वहाणा शोधू लागले.