मालवण सहलीचं पत्रक

"सहल बारा जूनला निघणार म्हणतेस. मग तेव्हा मालवणला पाऊस नसतो का?" आनंदराजनं पत्रक हातात धरूनच वर्गातल्या सुकन्याला विचारलं.

चाकूरला भागवतकाकांच्या दुकानात सगळे जमले होते. काकांनी पहिल्यांदाच कोकण सहल काढली होती आणि पत्रक लिहिलं होतं त्यांच्या पुतणीनं, सुकन्यानं. सातवीत भूगोलात ती पहिली आली होती. मोबाईलवर इकडचं तिकडचं वाचून तिनं एका दुपारी ते उरकलं होतं. होडीतून सिंधुदुर्ग किल्ला, बंदरावर मासळीचा लिलाव, बागेत झाडावरचा हापूस! ते ऐकून शाळेत खिचडी शिजवणाऱ्या विठाबाई आणि त्यांच्या मैत्रिणींनी लगेच नावं दिली होती. शाळा उघडायच्या आत त्यांना समुद्र बघून यायचं होतं.

"तू कधी समुद्र पाहिलायस?" सुकन्यानं आनंदराजला विचारलं. सगळे हसले. तो पत्रक ठेवून निघून गेला. समुद्र तिनंही पाहिला नव्हता, पण ते तिला कुणी विचारलं नाही.

तिची धाकटी बहीण पुनम मात्र हसली नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी ती आनंदराजला घेऊन घरी आली. दोघांनी मालवणच्या एका होडीवाल्याचा नंबर शोधून काढला होता.

"ताई, तूच बोल," पुनम म्हणाली.

होडीवाले आजोबा अगदी मायेनं बोलले. मे संपता संपता समुद्र खवळतो म्हणून होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवतात, ऑगस्ट सरेपर्यंत किल्ल्यावर कुणाला नेत नाहीत, असं त्यांनी सांगितलं. जून-जुलैत मासे अंडी घालतात, म्हणून मोठ्या बोटींना मासेमारी बंद. मग लिलाव कुठला? आणि हापूस तर तोवर संपलेला असतो.

"जूनमधे होडी मिळता म्हणान कोणी सांगल्यान गो तुका?" त्यांनी विचारलं.

सुकन्यानं फोन ठेवला. आनंदराज समोरच बसला होता. त्याच्याकडे बघायचीही तिला लाज वाटली.

तिघं धावत दुकानात गेली. काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि हात झटकला. बस ठरली होती, आता बदल नको म्हणाले. "समुद्र तर दिसेलच की. त्या बायांना काय कळतंय?"

सुकन्याचे कान तापले. काका उघड बोलले, एवढाच फरक होता. पत्रक लिहिताना तिच्याही मनात हेच होतं. कोण तपासणार आहे, असं म्हणूनच तिनं एक ओळही पडताळून पाहिली नव्हती.

शनिवारी समाजमंदिरात बैठक होती. पत्रक तूच वाच, जास्तीचं काही बोलू नकोस, असं काकांनी तिला बजावलं. ती हो म्हणाली. पुनमनं रागानं तोंड फिरवलं.

बैठकीत सुकन्या उभी राहिली. "होडीतून किल्ला," तिनं वाचलं आणि लगेच पुढे म्हणाली, "जूनमध्ये होडी बंद असते." लिलावाची ओळ वाचून मासेमारीची बंदी सांगितली, हापूसची ओळ वाचून हंगाम सांगितला. काका खाकरले, खुणा करू लागले. ती थांबली नाही. शेवटी कागद खाली ठेवून म्हणाली, "हे मी न तपासता लिहिलं. चूक माझी आहे."

मग पुनमनं होडीवाल्या आजोबांना फोन लावून मोबाईल विठाबाईंच्या हातात दिला. त्यांनी स्वतः सगळं विचारून घेतलं आणि काकांकडे वळल्या.

"भागवत, दिवाळीच्या सुट्टीत चल. तवर सोयाबीनची काढणी बी झालेली असतीय."

एवढ्या बायकांसमोर काकांना मान डोलवावीच लागली.

"पोरीनं भरल्या बैठकीत खरं सांगितलं. लई मोठं काम केलं," विठाबाई म्हणाल्या. टाळ्या वाजल्या, तशी सुकन्या आणखीच अवघडली.

"पावसाचं विचारायचं मला नाही, आनंदराजला सुचलं होतं," ती म्हणाली. "मी त्याची सगळ्यांपुढं टर उडवली."

आनंदराजनं मान खाली घातली, पण सतरंजीवर सरकून तिला जागा करून दिली.

"आता नवं लिहा दोघं मिळून," विठाबाई म्हणाल्या. "अन् आम्हाला काय बघायचंय ते तर कुणी इचारलंच न्हाई. समुद्राचं पाणी मागं जातंय अन् परत येतंय म्हणतेत, मला ते बघायचंय. किती वाजता जातंय?"

"मला माहीत नाही, मावशी," सुकन्या म्हणाली. "विचारून सांगते."