चिन्नलंकेचा मुका भोंगा

"मी बोलले होते, बाई. देवाशप्पथ बोलले होते. पण बेटावरचा एकही माणूस मानायला तयार नाही."

त्रिवेणी पद्मावतीकाकूंना सांगत होती. पुढ्यातला चहा थंड होऊन त्यावर साय धरली होती.

मंदारनं लॅपटॉप मिटला. तसा तो पद्मावती देगलूरकरांच्या बरकतपुऱ्यातल्या घराचा वरच्या मजल्यावरचा भाडेकरू. पुण्याहून आयटीतल्या नोकरीसाठी आलेला. पण काकूंनी खासगी तपासाचं काम घेतलं की हा मीटिंगा सोडून त्यांची गाडी चालवायला हजर. बुद्धी चालवायचं खातं अर्थातच काकूंकडे होतं, आणि ते त्या वेळोवेळी त्याला सुनावतही असत.

"सुरुवातीपासून सांग," काकू म्हणाल्या. "आणि याच्यासाठी जरा सोपं करून सांग. हा पुण्याचा आहे."

चिन्नलंका म्हणजे मुसी नदीच्या दोन धारांमध्ये अडकलेलं एवढंसं बेट. तेलुगूत नदीतल्या बेटाला लंका म्हणतात. परभणी-नांदेडकडून कधीकाळी आलेली मराठी घरं तिथं पिढ्यान् पिढ्या म्हशी पाळतात आणि गौलीगुड्यातल्या हॉटेलांना दूध घालतात. बाहेर पडायला एकच बुटका पूल. पावसाळ्यात वरच्या तलावाचे दरवाजे उघडले की बेटाची खालची पट्टी, जिथं गवत काढतात, ती बघता बघता पाण्याखाली जाते.

म्हणून वार्ड ऑफिसनं सोय केली होती. नळाची वेळ, डासांची फवारणी, तलावाचं पाणी, सगळे अपडेट बेटाच्या फोनवरच्या ग्रुपवर तेलुगूत यायचे. म्हाताऱ्यांना तेलुगू वाचता येत नाही आणि पोरांना मराठी. तेव्हा तेलुगू शाळेत शिकलेली त्रिवेणी देवळाशेजारच्या खोलीत माईकवर बसून तेच मराठीत सांगायची. भोंगा होता बेटाच्या दुसऱ्या टोकाला, गोठ्यांपाशी, गवताच्या पट्टीकडे तोंड करून.

गेल्या बुधवारी सकाळी पाणी सोडल्याचा निरोप आला. नामदेवराव खाली गवत कापत होते. ते वर आलेच नाहीत. दुसऱ्या दिवशी सापडले ते पार पुढच्या बंधाऱ्याच्या जाळीत.

"भोंगा बिघडला असेल," मंदार म्हणाला.

"त्याच दुपारी वार्डाच्या माणसानं येऊन तपासला. खणखणीत वाजला," त्रिवेणी म्हणाली. "म्हणून तर सगळे म्हणतात, ही बोललीच नाही, फोनवर बसली असेल. नामदेवमामांचा मुलगा संदेश, त्यानं पोलिसांत तक्रार दिलीय. उद्या ठाण्यात जबाब आहे. बाई, विहिरीवर मी गेले तर बायका कळशी उचलून निघून जातात. अटक झाली तर माझ्या पोरीला कोण सांभाळेल?"

"तू बोलत असताना भोंगा वाजतोय की नाही, तुला ऐकू येत नाही?"

"नाही. दार बंद करावं लागतं, नाहीतर माईक शिट्टी मारतो. मशीनवर हिरवा दिवा लागला की समजायचं चालू आहे. त्या दिवशी लागला होता."

"बोलून झाल्यावर काय केलंस?"

"पुलाला साखळी लावायला गेले. वार्डाचा नियमच आहे तसा. परत वळले तर मामा कुठं दिसेनात, म्हणून गोठ्यांकडे धावले. तोवर पट्टीवर पाणीच पाणी."

काकू उठल्या. "चल मंदार, गाडी काढ. त्रिवेणी, तूही चल. आणि ही नवी पँट घालून येऊ नकोस, गोठ्यात जायचंय."

मंदार तीच घालून गेला.

पुलाच्या अलीकडेच विकास भेटला. वार्डाच्या भोंग्यांची देखभाल करणारा कंत्राटी इलेक्ट्रिशियन. आपल्यावर बालंट येतंय की काय, या धास्तीनं तो प्रश्न विचारायच्या आधीच उत्तरं देत सुटला.

"मॅडम, वायर बघितली, मशीन बघितलं. एक जोड सुद्धा तुटलेला नव्हता. मी काहीच दुरुस्त केलं नाही, फक्त बटण दाबलं आणि भोंगा वाजला."

"भोंग्याच्या तोंडाशी काही दिसलं?"

"तोंडाशी? काडीकचरा होता, तागाचे धागे वगैरे. चिमण्या घरटी करतात तिथं. झटकून टाकला."

"चिमण्या आता भाद्रपदात घरटं करायला लागल्या?" काकू म्हणाल्या आणि पुढं चालू लागल्या. विकास डोकं खाजवत तिथंच उभा राहिला.

गोठ्यांपाशी हिम्मतराव भेटले, बेटाचे कारभारी. पांढऱ्या मिशा, आवाज चढा. वार्डाच्या अपडेटांचा त्यांना मनस्वी राग, कारण मध्यंतरी एक अपडेट बेट रिकामं करण्याबद्दल आला होता. 'हा भोंगा एक दिवस उखडून मुसीत फेकतो,' असं ते चारचौघांत म्हणाले होते. मंदारच्या मनात हिम्मतराव जवळजवळ गुन्हेगार ठरून गेले.

"हौ, म्हणालो होतो," हिम्मतरावांनी सरळ कबूल केलं. "पण माणूस मरावा असं कोण म्हणेल, ताई? नामदेव माझा लंगोटीयार. आणि ही त्रिवेणी कामचोरच आहे. सकाळचा नळाचा अपडेट तर ती सांगतच नाही आताशा. आठवडाभर माझं पाणी चुकलं."

"मी रोज सांगितलंय, काका," मागून त्रिवेणी म्हणाली.

"आणि दुपारचा? फवारणीचा?" काकूंनी विचारलं.

"दुपारचा ऐकू यायचा. तेव्हा मर्जी असेल तिची."

"बुधवारी तुम्ही कुठं होता?"

"गौलीगुड्यात. आम्ही सगळे गडी सकाळी दूध घालून तिथंच हॉटेलात बसतो. सगळ्यांच्या फोनवर मेसेज एकदमच आला, पोरांनी वाचून दाखवला. आम्ही म्हटलं, नळाचं टाळते, पण पुराचं तरी सांगेलच ती; भोंगा आहे ना, नामदेव येईल वर. चहा संपवूनच निघालो. संदेश मात्र मेसेज बघताच दुधाचे कॅन तिथंच टाकून पळत सुटला. अनवाणी. बापावर जीव होता हो पोराचा. आम्ही बसलो चहा ढोसत."

मंदारला भरून आलं. काकू मात्र हिम्मतरावांकडे बघत नव्हत्या. त्या भोंग्याचा खांब न्याहाळत होत्या. खांब नामदेवरावांच्या गोठ्याला अगदी खेटून होता. पत्र्यावर चढलं की भोंगा हाताला लागेल इतका.

संदेश गोठ्यातच होता. पंचविशीचा, डोळे सुजलेले, दाढी वाढलेली. त्रिवेणीला बघताच त्यानं तोंड फिरवलं.

"हिला कायकू आणलं इथं?"

"मी आणलं," काकू म्हणाल्या. "बस, बाबा. दोन मिनिटं बोलू."

संदेशनं मंदारला बसायला एक बारदान घडी करून दिलं आणि चहा आणला. चहा कोराच होता.

"माफ करा, मावशी. गोठ्यात म्हैस आहे, पण दूध नाही. चंद्री पहिलारू आहे, पहिल्यांदाच व्यालीय. बुधवारपासून पान्हाच सोडत नाही. बाबांची आठवण काढते."

"धार बाबा काढायचे का?"

"नाही, मीच. बाबा तर पहाटेच गवताला जायचे."

"बुधवारपर्यंत दूध चांगलं होतं?"

"व्याल्यावर सुरुवातीला त्रास दिला. मग आठवडाभर भरपूर दिलं."

काकूंनी त्रिवेणीच्या कानात काहीतरी सांगितलं. ती निघून गेली. संदेशनं बादली घेतली आणि चंद्रीच्या पायाशी बसला. "बघा, कशी करते ते," म्हणाला. बराच वेळ थापटल्यावर दोन बारीक धारा बादलीत पडल्या.

तेवढ्यात डोक्यावरचा भोंगा कडाडला. "वार्डाची सूचना आहे, ऐका हो ऐका." चंद्रीनं कान टवकारले, लाथ झाडली, आणि होतं नव्हतं तेवढं दूध शेणात मिसळून मंदारच्या मांडीवर उडालं. आवाज थांबल्यावरही म्हैस थरथरत होती. संदेशनं पुन्हा हात लावला, पण आता थेंबही येईना.

मंदार वैतागून उभा राहिला.

"मागून पण बघ," काकू म्हणाल्या. "गंज लागलाय तुला."

मंदारनं मान वळवून पाहिलं. पँटच्या मागं तांबूस कमान उमटली होती. बारदान उलगडलं, तर त्यावर भलंमोठं गंजाचं गोल कडं. नवी पँट एका दिवसात दोनदा वाया गेली, एवढंच त्याला कळलं.

काकूंनी बारदान उचललं, घडी घातली आणि काखेत धरलं. "मंदार, हिम्मतरावांना आणि विकासला बोलावून आण. त्रिवेणीलाही."

सगळे गोठ्यात जमले तेव्हा ऊन पत्र्यावरून उतरायला लागलं होतं. काकू खाटेवर बसल्या. त्यांचा चेहरा मंदारला नेहमीपेक्षा थकलेला वाटला. एरवी उलगडा करताना त्यांना चांगलाच चेव चढायचा. आज तसं काही दिसत नव्हतं.

"सगळ्यांना एकच प्रश्न पडला होता," त्या म्हणाल्या. "भोंगा आधी चांगला, नंतरही चांगला. मग मधल्या वेळात मुका कसा झाला? म्हणून सगळ्यांनी ठरवलं, त्रिवेणीच मुकी राहिली. हिम्मतराव, तुम्हीच मला पहिला धागा दिलात. सकाळचा अपडेट ऐकू येत नव्हता, दुपारचा यायचा. तारांना सकाळ-दुपार कळत नाही. माणसांना कळते. सकाळी या गोठ्यात काय असतं?"

"धार काढायची वेळ," हिम्मतराव पुटपुटले.

"नळाचा अपडेट नेमका धार काढताना यायचा. पहिलारू म्हैस दचकते, पान्हा चोरते. तुम्ही गवळी माणसं; मी तुम्हाला काय शिकवणार? आठवडाभर सकाळी भोंगा गप्प होता आणि त्याच आठवड्यात चंद्रीनं भरपूर दूध दिलं. बुधवारपासून भोंगा पुन्हा मोकळा झाला, आणि दूध गेलं. बाबांच्या आठवणीनं नाही, संदेश. तिची धार तूच काढत होतास."

संदेशनं रिकामी बादली उचलून बाजूला ठेवली.

"विकासला भोंग्याच्या तोंडाशी तागाचे धागे मिळाले. हे बारदान बघा." काकूंनी ते उलगडून सर्वांसमोर धरलं. "भोंग्याच्या कडेचा गंज. विकास, पत्र्यावर चढून लावून बघ, बरोबर बसेल. ओलं करून कोंबलं की खणखणीत भोंग्याची कुजबुज होते, आणि शेजारच्या धारेच्या खळखळाटात ती विरून जाते. रोज धार काढायच्या आधी कोंबायचं, झालं की काढायचं. कुणाचं काही बिघडत नव्हतं. बुधवारी दूध घालायची घाई झाली आणि काढायचं राहून गेलं."

"पण हे दुसरं कुणीही करू शकतं," मंदारच्या तोंडून निघून गेलं. त्याला ते खरं असायला नकोच होतं.

"करू शकतं. पण गौलीगुड्यात काय झालं ते आठव. मेसेज सगळ्यांना कळला. नामदेवरावांचे जिवलग मित्र सुद्धा चहा संपवत बसले, कारण भोंगा आहे याची सगळ्यांना खात्री होती. एकच माणूस अनवाणी पळाला. भोंगा बोलणार नाही हे फक्त त्यालाच ठाऊक होतं."

गोठ्यात रेडकू आईला ढुशा देत होतं.

"मी आलो तेव्हा पट्टी दिसतच नव्हती," संदेश म्हणाला. तो कुणाकडेच बघत नव्हता. "पत्र्यावर चढलो, बारदान ओढून काढलं, आणि वरूनच ओरडत राहिलो. मग लोक आले. कुणीतरी म्हणालं, त्रिवेणी बोललीच नाही. मी काही म्हणालो नाही. दुसऱ्या दिवशी मलाच ते खरं वाटायला लागलं. आईला काय सांगणार होतो? तुझा नवरा दुधापायी मेला?"

हिम्मतराव डोळे पुसत पुढं आले. "ताई, पोरगं आहे. मुद्दाम नाही केलं त्यानं. झालं गेलं. उद्या ठाण्यात सांगू, मशीनच खराब होतं. त्रिवेणीही सुटेल, हाही सुटेल."

विकासचा चेहरा पांढराफटक पडला.

"आणि विकास?" त्रिवेणी म्हणाली. तिचा आवाज चिडका होता. "त्याच्या घरी माणसं नाहीत? चार दिवस माझ्याशी जे केलंत ते आता त्याच्याशी करणार? नको. मला असं सुटायचं नाही, काका."

"तुझं नाव मोकळं होतंय ना?"

"मला खरंच मोकळं व्हायचंय. रोज वाटायचं, मीच हळू बोलले की काय."

संदेश उठला. गमछ्यानं तोंड पुसलं. "काका, राहू द्या. मी जातो ठाण्यात. आत्ताच जातो. उद्यापर्यंत थांबलो तर पुन्हा धीर होणार नाही." तो दारापर्यंत गेला आणि त्रिवेणीसमोर थांबला. पहिल्यांदाच त्यानं तिच्याकडे सरळ पाहिलं.

"अक्का, त्या दिवशी काय बोललीस तू?"

त्रिवेणीनं काकूंकडे पाहिलं. सांगू की नको, असा तिचा चेहरा झाला होता. काकूंनी मान खाली घातली.

"सांग, अक्का."

"वार्डाचं सगळं वाचलं नाही मी," त्रिवेणी म्हणाली. "तेवढा वेळच नव्हता. खाली तुझे बाबा एकटेच आहेत, ठाऊक होतं मला. म्हणून नावच घेतलं त्यांचं. नामदेवमामा, विळा टाका आणि वर या, पाणी येतंय, असंच म्हणत होते. नामदेवमामा, वर या. घसा बसेपर्यंत म्हणत होते."

संदेशनं दाराची चौकट धरली, आणि तो तिथंच खाली बसला. त्रिवेणीनं त्याच्या दंडाला धरून त्याला उठवलं आणि दोघं पुलाकडे चालू लागली.