उरलेली पुढच्या शनिवारी

ही गोष्ट खरी आहे.

आधीच सांगते, ती रात्रीची नाही. शनिवारच्या संध्याकाळची आहे, बाहेर चांगला उजेड असतानाची. रात्रीची असती तर झोपेत भास झाला म्हणून मोकळं होता आलं असतं. पण दिवे चालू होते, दुकानात माणसं होती, आणि सगळ्यांनी सगळं ऐकलं. त्यातले काही जण अजून आहेत. विचारलंत तर विषय बदलतात.

घडलं ते माझ्या धाकट्या मावशीच्या पुस्तकांच्या दुकानात.

दुकान गल्लीच्या टोकाला. एका बाजूला चष्म्यांचं दुकान, दुसऱ्या बाजूला शिवणकामाचं. आत एकच खोली, लांबट आणि अरुंद. दोन्ही भिंतींना छतापर्यंत पुस्तकं. मागे दार नाही, खिडकी नाही. आत यायची आणि बाहेर जायची वाट एकच, पुढचं लोखंडी शटर.

हे लक्षात ठेवा.

दर शनिवारी संध्याकाळी मावशी तिथे गोष्ट सांगायची. वाचून नाही, तोंडी, आणि स्वतः रचलेली. टेबलं भिंतीला सरकवायची, घडीच्या खुर्च्या मांडायची. गल्लीतला कलकलाट नको म्हणून शटर आतून पूर्ण खाली ओढायची. गोष्ट संपेपर्यंत ते उघडायचं नाही, असा तिचा दंडक होता. कोणी मध्येच उठलं तर म्हणायची, "बसा खाली. घरी तरी कोण तुमच्यासाठी आरती घेऊन उभं आहे?"

आणि गोष्टीला हुंकार लागायचा. "हं" म्हणणारं कोणी नसेल तर तिची गाडी पुढे सरकायचीच नाही.

तो मान एका म्हाताऱ्याचा. सगळे त्यांना हुंकारेच म्हणायचे. खरं आडनाव काय होतं ते मावशीलाही आठवत नाही. ते टेलिफोन एक्सचेंजमधून रिटायर झालेले. मागच्या रांगेत, शेवटच्या खुर्चीत बसायचे. डोळे मिटून, जिवाचा कान करून. नाकातून एक लांब "हं..." यायचा आणि पाठोपाठ बोटातली अंगठी खुर्चीच्या लोखंडी दांडीवर वाजायची.

टक.

"जन्मभर लोकांची बोलणी जोडून दिली, बाई," ते मावशीला म्हणायचे. "एकही शेवटपर्यंत ऐकायला मिळालं नाही. आपण तार जोडायची आणि बाजूला व्हायचं. म्हणून आता मला गोष्ट पुरी लागते."

सुरुवात करण्याआधी मावशी मागे बघून विचारायची, "हुंकारे, बसलात ना? करू सुरुवात?"

हं... टक.

की गोष्ट सुरू.

त्या शनिवारी मावशीने एका नावाड्याची गोष्ट काढली. ती रंगत गेली, लांबत गेली. नाव नदीच्या मधोमध आली, नावाड्याच्या हातातून वल्हं निसटलं, आणि मावशीने टाळी वाजवली.

"उरलेली पुढच्या शनिवारी!"

सगळे हळहळले. हुंकारे तर उठेचनात.

"असं मधोमध सोडू नका हो, बाई. त्याला काठाला तरी लावा."

"धीर धरा की थोडा," मावशी हसली. "नाव कुठे पळून जात नाही."

त्याच आठवड्यात हुंकारे झोपेत गेले. शांतपणे. पुढेमागे कोणी नव्हतं त्यांना.

मावशीला फार लागलं ते. तिने शनिवार रद्द करायचं ठरवलं होतं. पण शिवणवाल्या ताई म्हणाल्या, "गोष्ट पुरी करा. त्यांच्यासाठीच करा." सगळ्यांना पटलं. शेवटची खुर्ची रिकामी ठेवायची ठरलं.

त्या दिवशी माझी मावसबहीण, मावशीची एकुलती एक मुलगी, तिथे आलेली होती. बाळंतपणासाठी माहेरी. दिवस भरत आले होते. घरी करमेना म्हणून आईबरोबर दुकानात येऊन बसली.

शटर खाली आलं. मावशी उभी राहिली आणि सवयीने... निव्वळ सवयीने... मागे बघून बोलून गेली.

"हुंकारे, बसलात ना? करू सुरुवात?"

बोलली आणि जीभ चावली. शिवणवाल्या ताईंनी डोळ्यांना पदर लावला.

आणि मग...

हं...

टक.

मावशीने झटकन मागे पाहिलं. पण चष्मेवाले मान खाली घालून बसले होते, आणि तिला वाटलं, यांनीच दिला असेल. म्हाताऱ्याची आठवण म्हणून. चष्मेवाल्यांना वाटलं, शिवणवाल्या ताईंनी दिला. ताईंना वाटलं, मागे बसलेल्या मास्तरांनी. प्रत्येकाला दुसऱ्याचं कौतुक वाटलं.

मास्तरांना मात्र तसं काही वाटलं नाही. ते रिकाम्या खुर्चीच्या शेजारी बसले होते. ते हळूच उठले आणि पुढच्या रांगेत येऊन बसले.

मावशीने गोष्ट सुरू केली. वल्हं वाहत गेलं. हं... टक. नावाड्याने हातांनी पाणी कापलं. हं... टक. दर वाक्याला, बरोबर जागेवर, एकदाही न चुकता. सांगता सांगता तिची नजर त्या खुर्चीकडे जायची आणि जीभ आपली पुढे चालत राहायची.

तिने गोष्ट भराभर गुंडाळली.

"आणि नावाडी काठाला लागला. झाली गोष्ट."

टाळ्या वाजल्या नाहीत. चष्मेवाले घाईने उठले आणि शटरपाशी गेले. दोन्ही हात घालून उचलायला लागले.

शटर हललं नाही.

"कुलूप काढलंत ना, बाई?"

"आतून कुलूप असतं कुठे?"

मास्तरही लागले. दोघांनी मिळून जोर लावला. तसूभर हललं नाही. बाहेरून मात्र सायकलची घंटा ऐकू येत होती, कोणीतरी हसत चाललं होतं.

आणि मागून आवाज आला...

"हं... मग?"

आता ते कोणाचं कौतुक नव्हतं. आवाज त्यांचाच होता. थोडा ओढलेला, थोडा घोगरा, सगळ्यांच्या ओळखीचा.

तेवढ्यात माझी बहीण खुर्चीचा हात धरून उभी राहिली.

"आई..."

तिच्या पायाखाली पाणी सांडलं होतं.

मावशी सांगते, त्या क्षणी तिला भुताची भीती वाटली नाही. फक्त शटर दिसत होतं आणि मुलीचा पांढराफटक चेहरा. चष्मेवाले आणि मास्तर शटर बडवायला लागले, ओरडायला लागले. पलीकडे गल्ली होती, माणसं होती, हाताच्या अंतरावर. कोणी थांबलं नाही.

तेव्हा मोबाईल अजून सगळ्यांकडे आले नव्हते. काउंटरवर दुकानाचा फोन होता. मावशीने रिसीव्हर उचलला. नंबर फिरवायचीही वेळ आली नाही.

"हं... मग?"

फोनमधून.

टक.

तिच्या हातातून रिसीव्हर गळला. तो वायरवर लोंबकळत राहिला.

"सांगा हो त्यांना काहीतरी!" शिवणवाल्या ताई ओरडल्या. त्यांनी माझ्या बहिणीला जमिनीवर, पुस्तकांच्या गठ्ठ्याला टेकवून बसवलं होतं. "त्यांना पुरी लागते ना गोष्ट? पुरी करा!"

मावशी खुर्चीकडे वळली.

"मग... नावाडी घरी गेला."

"हं... मग?"

"मग त्याने नवीन वल्हं केलं. संसार केला. मुलं मोठी झाली."

"हं... मग?"

बहिणीने ओठ दाताखाली धरला होता. कळा लवकर लवकर येत होत्या.

"मग म्हातारा झाला!"

"हं... मग?"

"मग मेला!" मावशी किंचाळली. "मेला नावाडी! संपलं! आता तरी सोडा!"

चष्मेवाल्यांनी शटर उचलून पाहिलं.

नाही.

आणि मग आवाज आला... या वेळी अगदी हळू. मावशी म्हणते, त्यात राग नव्हता. अंधारात वाट विचारणाऱ्या माणसासारखा होता.

"मेला... हं... मग?"

तेव्हा मावशीला कळलं, म्हातारा काय विचारतोय ते.

तिला कुठे ठाऊक होतं? कोणाला ठाऊक असतं?

बहीण आता मोठ्याने कण्हत होती. आणि त्या आवाजात मावशीला एकच गोष्ट आठवली. हुंकारे जिवंतपणी एकदाच गोष्ट अर्धी असताना थांबले होते. कुरकुरले होते, पण थांबले होते. तिने हात उचलले आणि टाळी वाजवली.

"उरलेली... पुढच्या शनिवारी."



हं.

टक.

शटर चष्मेवाल्यांच्या हाताला इतकं हलकं लागलं की ते मागे पडले. बाहेर संध्याकाळचा उजेड होता आणि समोर एक रिक्षा उभी होती.

बाळ सुखरूप झालं. मुलगी. ती आता कॉलेजात जाते आणि तिला यातलं काही माहीत नाही.

तुम्ही म्हणाल, मग दुकान बंद करायचं होतं. मावशीने करून पाहिलं. पुढच्याच शनिवारी ती घरी बसून राहिली. संध्याकाळी अंघोळीला गेली आणि बाथरूमचं दार उघडेना. कडी काढलेली, दार मोकळं, आणि तरी उघडेना. तासभर ती आत होती. शेवटी तिने डोकं दाराला टेकलं आणि म्हणाली, "नावाडी मेला. मग तो चालू लागला..."

पलीकडून हं आला.

तेव्हापासून दर शनिवारी ती एकटी दुकानात जाते. ऐकायला यायचं लोकांनी कधीच सोडलं. ती शटर आतून ओढते, एकच खुर्ची मांडते आणि नावाडी मेल्यावर कुठे कुठे गेला ते सांगते. मग टाळी वाजवते आणि घरी येते.

एकदा तिला सर्दी होती, चित्त ठिकाणावर नव्हतं. नावाडी पावसात, चिखलातून चालला म्हणून सांगून मोकळी झाली. सोमवारी दुकान उघडलं तर खुर्चीखाली चिखलाची पावलं. ओली.

मावशी फरशी पुसता पुसता रडली. आपण सांगतो तिथून म्हाताऱ्याला खरंच चालावं लागतं, हे तिला तेव्हा कळलं. त्यानंतर तिने नावाड्याला कधी उन्हापावसात चालवलं नाही. झाडं लावली त्याच्या वाटेला. बसायला बाक ठेवले. इतकी वर्षं ती त्याला अशी जपून चालवत आली. आणि तो प्रत्येक वाटेच्या शेवटी विचारत आला... मग?

हे सगळं तिने मला दोन दिवसांपूर्वी सांगितलं. घोगऱ्या, फाटलेल्या आवाजात, दवाखान्याच्या खाटेवर. तिच्या घशात गाठ आहे. ऑपरेशन करावंच लागणार. जीव वाचेल, पण आवाज परत येणार नाही असं डॉक्टर म्हणाले. मोठ्या सर्जनना वेळ आहे तो याच शनिवारी. संध्याकाळी.

शनिवारी संध्याकाळी ती ऑपरेशन थिएटरच्या दाराआड असेल, आणि दुकानात गोष्ट सांगायला कोणी नसेल.

बहीण त्या गल्लीतून जातसुद्धा नाही. मावशीने किल्ली माझ्या हातात ठेवली आणि माझी मूठ दाबून धरली.

"कुठे सोडलायस त्याला?" मी विचारलं.

तिने डोळे मिटले.

"चुकलं गं माझं. घसा दुखत होता. वाटा संपल्या होत्या. काही सुचेना म्हणून डोळ्यांसमोर दिसेल ते सांगत गेले. म्हटलं, चालता चालता एक गल्ली आली. एका बाजूला चष्म्यांचं दुकान, एका बाजूला शिवणयंत्रांचा आवाज..."

"मग?"

माझ्या तोंडून निघून गेलं. तिने दचकून माझ्याकडे पाहिलं.

"मग शटर. खाली ओढलेलं. नावाडी त्याच्यासमोर येऊन उभा राहिला. तिथेच मी घाबरून टाळी वाजवली. म्हटलं, उरलेली पुढच्या शनिवारी."

"आणि हं आला?"

"आला," मावशी म्हणाली. "पण खुर्चीतून नाही आला गं... शटरच्या बाहेरून आला."

टक. लोखंडावर.

शटर उचलून ती बाहेर पडली तेव्हा गल्लीत कोणी दिसलं नव्हतं. तेव्हापासून दुकान उघडलेलं नाही.

परवा शनिवार आहे. चष्मेवाले म्हणाले, दुपारी गल्लीत वर्दळ असते, तेव्हा शटर उघडून द्यायला येतो. पण आत थांबणार नाहीत. मला आत जायचं आहे, शटर स्वतःच्या हाताने खाली ओढायचं आहे, एक खुर्ची मांडायची आहे आणि पहिलं वाक्य बोलायचं आहे. गोष्ट सोडली तिथूनच सुरू करावी लागते, तो दंडकच आहे.

दोन दिवस मी ते वाक्य शोधतेय. नावाड्याला परत पाठवावं, तर मावशीने इतकी वर्षं सावली देत आणलेल्या म्हाताऱ्याला मी कोणत्या तोंडाने हाकलू? आत घ्यावं, तर शटर खाली असेल आणि आत मी असेन.

आणि बाहेर जायची वाट एकच आहे. तिथेच तो उभा आहे.