बंडूजींच्या परसाकडचं काचेचं दार

मोबाईल खिशात ठेवा. मधे प्रश्न विचारायचे नाहीत. आता सांगतो ते मला चंदननं स्वतः सांगितलं, दिवसाउजेडी, माझ्या ओट्यावर बसून. चंदन खोटं बोलणारा माणूस होता. पण या रात्रीनंतर त्यानं खोटं बोलणं सोडलं.

साल दोन हजार चोवीस. जानेवारीची सतरा तारीख, बुधवार.

चंदन हिंगणघाटचा. सरकती दारं बसवायचा. त्या संध्याकाळी तो वडनेरला बंडूजींच्या मागच्या दाराची काच बसवायला गेला. दुसऱ्या दिवशी बंडूजींच्या बायकोची, सीताबाईंची तेरवी होती. पाहुणे येणार, तेव्हा मागे भगदाड कसं ठेवायचं? दोन गड्यांनी त्याच्यासोबत काच चढवली आणि टेम्पो घेऊन ते परत गेले. चंदन थांबला. रबर लावायचं राहिलं, म्हणाला.

रबराचं निमित्त होतं.

दिवाळीत बंडूजींनी नवं घर बांधलं. सीताबाईंना बसल्या जागी आपली वांग्याची झाडं दिसावीत म्हणून परसाकडे काचेचं सरकतं दार केलं. काच टफन सांगितली होती. ती भट्टीत भाजतात. फुटलीच तर साबुदाण्यासारखे दाणे पडतात, माणूस वाचतो. पण एकदा भाजली की ती कापता येत नाही. चंदननं माप अर्धा इंच जास्त घेतलं. काच चौकटीत बसेना. नवी यायला दहा दिवस, आणि गृहप्रवेश दुसऱ्या दिवशी. मग चंदननं साधी काच कापून बसवली. चूक कोणाच्या नजरेत येऊ नये म्हणून पुसूनपुसून अशी लख्ख केली, की तिथे काच आहे हेच दिसेना. पुढे बदलू, असं मनाशी म्हणाला. बदलली नाही.

सहा जानेवारीच्या पहाटे सीताबाई दार उघडं समजून चालत गेल्या. वरची काच पातं होऊन मानेवर आली. दवाखाना गाठेपर्यंत त्या राहिल्या नाहीत.

आता चंदनला त्या काचेचे तुकडे हवे होते.

"काकाजी," तो बंडूजींना म्हणाला, "फुटकी काच देऊन टाका. जाता जाता फेकतो."

"नाई गा. साळ्यानं बजावलं, एकही तुकडा फेकजो नोका."

साळा म्हणजे सीताबाईंचा भाऊ, कृष्णकांत. नागपुरात त्याचं काचेचं दुकान. पायाचं ऑपरेशन झालेलं, म्हणून मातीला येता आलं नव्हतं.

"त्याले काऊन पाह्यजेत तुकडे?"

"मले का मालूम? फोनवर इचारे, दाणे पडले का पात्या? म्या म्हटलं, पात्या. सुरीवानी. उद्या येऊन पाह्यतो म्हणे. तुकड्याइचा बोरा भरून ठेवला परसात."

समोरच्या मांडवातून आचारी ओरडला, "ओ बंडूजी! वांगे इतलेच? मानसाइले जेवाले देऊ का नुसते दाखवू?"

"येऊन राह्यलो, बाप्पा! तुह्या तोंडाले झाकण नाई का?" बंडूजी उठले. "चंदन, चा घेऊनच जाजो."

साडेनऊ वाजले होते.

चंदननं दार सरकवलं आणि परसात उतरला. भिंतीपलीकडे गल्लीत त्याची मोटरसायकल उभी होती. बोरा भिंतीवरून टाकायचा, वाटेतल्या एखाद्या विहिरीत सोडायचा, की कृष्णकांतला काही सापडणार नाही. त्यानं बोऱ्याला हात घातला.

मागे दार सरकलं.

चाकं नवी आहेत, त्याला वाटलं. हलकं चालतं.

खट्...

कडी लागली. ती कडी फक्त आतून लागते.

तो वळला. आत दिवा होता. खोली रिकामी. टेबलावर त्याचा मोबाईल, त्याची हातोडी.

आणि मग खोली रिकामी नव्हती.

हिरवं लुगडं. अहेव बाईला शेवटचं नेसवतात ते. मानेला पदर घट्ट गुंडाळलेला.

ती वाकली. खालच्या खाचेत लाकडी दांडी आडवी ठेवली. चोरानं दार उचकटू नये म्हणून अशी दांडी ठेवायची, हे चंदननंच तिला शिकवलं होतं.

"काकी..."

तिनं कपाळ काचेला टेकवलं. त्याच्याकडे पाहत राहिली.

चंदननं वीट उचलली. मारली. पुन्हा मारली. वीट फुटली. काचेवर ओरखडा नाही. आज बसवलेली काच खरी होती.

तो ओरडला. मांडवात मिक्सर चालू होता. भिंत सात फूट. चढता आली असती. पाय उचलेना.

"काकी, माफ करा... मापात चूक झाली... म्या..."

तिनं बोट वर केलं. बोऱ्याकडे.

त्यानं बोरा रिकामा केला.

बोट खाली येईना.

त्यानं एक पातं उचललं. जमिनीवर ठेवलं. दुसरं त्याला जोडलं. तळहात कापला. तो थांबला... आतला दिवा विझला. अंधारात दांडी हलल्याचा आवाज आला. दार बोटभर सरकलं.

त्यानं घाईनं तिसरं उचललं.

दिवा लागला. दार मिटलं.

मग तो थांबला नाही.

बाराला मिक्सर बंद झाला. आचारी झोपले. बंडूजींना वाटलं, चंदन गेला असेल. परसात फक्त काचेला काच लागल्याचा आवाज.

टिक्...

टिक्...

पहाटे बंडूजी परसात आले. जमिनीवर अख्खी काच मांडलेली होती. सात फूट लांब, चार फूट रुंद. फटीफटीत रक्त. शेजारी चंदन उकिडवा बसलेला.

दहा वाजता कृष्णकांत काठी टेकत आला. त्यानं काही विचारायच्या आत चंदननं सगळं सांगितलं. पोलिसांपुढेही तेच सांगितलं. खटला चालू आहे. त्याच्या उजव्या हाताची बोटं आता मिटत नाहीत. काच काय, त्याला चमचाही धरता येत नाही. मला दया आली नाही.

ती नवी काच अजून तिथेच आहे. मी जाऊन पाहिली. बुटक्या सीताबाईंचं तोंड येईल तेवढ्या उंचीवर तिच्यावर श्वासाची वाफ धरली आहे, वाटीएवढी. आतून पुसली, गेली नाही. बाहेरून पुसली, गेली नाही. मे महिन्याच्या उन्हातही सुकली नाही.

मी तिच्यासमोर उभा राहिलो. वाफ जरा लहान झाली...

मग मोठी.

मग लहान.