रोज पुसला जाणारा पेनड्राइव्ह

“सगळे मागे सरा! चालू करतोय!”

पेंग्विनने वाचनालयाच्या जुनाट संगणकाची कळ दाबली आणि मागे सरायचं सोडून शिडी आणि बटण ही टोपणनावांची पोरं त्याच्या पाठीवर ओणवी झाली. टाचणी तेवढी खिडकीपाशी हाताची घडी घालून उभी राहिली. बघायचं नाही असं ठरवून ती टक लावून बघत होती.

पेंग्विन तिचा मावसभाऊ. सुट्टीला आला तो पेंग्विनचं चित्र असलेला शर्ट घालूनच. लिनक्स नावाच्या संगणक प्रणालीचं चिन्ह म्हणे! शेजारच्या उंच शिडीने त्याचं बारसं तिथल्या तिथे उरकलं. गेल्या सुट्टीपर्यंत कुणाचा मोबाइल अडला, कुणाचा प्रिंटर रुसला, की “टाचणीला हाक मारा!” असा रिवाज होता. या सुट्टीत तिला कुणी विचारेना. सख्खा धाकटा भाऊ बटण, तोही फितूर! मनातल्या हिशेबात टाचणीची जमेची बाजू पार कोरडी पडली होती आणि पेंग्विनची ओसंडून वाहत होती.

“आला! आला!” बटण किंचाळला. पडद्यावर हिरवंगार चित्र झळकलं.

“हे मिंट,” पेंग्विन ऐटीत म्हणाला. “लिनक्सचे असे शेकडो प्रकार आहेत, सगळे फुकट! एखादा प्रकार पेनड्राइव्हवर नीट चढवला की संगणक त्या पेनड्राइव्हवरूनच सुरू होतो. आतल्या जुन्या प्रणालीला धक्काही लागत नाही.”

“लागताही कामा नये!” दारातून आत्या म्हणाली. टाचणीची ही आत्या म्हणजे इथली ग्रंथपाल. “शनिवारी वाचनालयाचे अध्यक्ष येतील. त्यांना हे चालताना दिसलं तर सगळ्या संगणकांवर बसवू. नाही दिसलं तर संगणक भंगारात आणि मुलांची ही खोली खुर्च्यांचं कोठार! आणि पेनड्राइव्ह वाचनालयाचा आहे, तो माझ्या टेबलाच्या खणातच राहील.”

“काळजीच नको, आत्या!” पेंग्विन म्हणाला.

‘आत्या म्हणे! आत्या माझी आहे,’ टाचणी मनात म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मात्र मिंट उगवलंच नाही. जुनी प्रणाली नेहमीसारखी रडतखडत उघडली.

“या संगणकाला मिंट जड होतंय,” पेंग्विनने निदान केलं. त्याने आपल्या लॅपटॉपवरून पेनड्राइव्हवर लुबंटू हे हलकं लिनक्स चढवलं. झकास चाललं! पुढच्या सकाळी तेही गायब. मग आलं पपी.

“पपी? कुत्र्याचं पिल्लू?” शिडी हसली.

“सगळ्यात हलकं आहे ते. याला मरण नाही!”

“उद्या बघू,” टाचणी म्हणाली. जरा जास्तच गोड आवाजात.

शुक्रवारी सकाळी पपीनेही मान टाकली. पेंग्विन चौथा प्रकार शोधायला बसला, तेव्हा टाचणीला राहवेना.

“रोज औषध काय बदलतोस? आधी पेशंट तर तपास! पेनड्राइव्हमध्ये काय उरलंय ते बघितलंस का?”

पेंग्विनने बघितलं नव्हतं. आता त्याने तो लॅपटॉपला लावला, आणि त्याचा चेहरा उतरला. आत काहीच नव्हतं! पेनड्राइव्ह धुऊन पुसून ठेवावा तसा कोरा!

“म्हणजे लिनक्सचा काही दोष नाही,” तो सावकाश म्हणाला. “कुणीतरी रोज हे पुसतंय.”

मग तीन माना एकदमच टाचणीकडे वळल्या.

“माझ्याकडे काय बघताय?”

“काल तूच म्हणालीस, उद्या बघू,” शिडी म्हणाली.

“आणि तुझं तोंड रोज कारल्यासारखं असतं, ताई,” बटणने घरचा आहेर दिला.

टाचणीचे कान तापले. पोरं खोटं बोलत नव्हती! तिला जळजळ होत होती, हे सूर्यप्रकाशाइतकं स्वच्छ होतं. आता स्वतःला सोडवायचं तर तेच कबूल करावं लागणार होतं.

“रोज संध्याकाळी पेंग्विन पेनड्राइव्हला टोपण लावून खणात ठेवतो. आणि रोज सकाळी टोपण वेगळं पडलेलं असतं.”

“तुला काय माहीत?” पेंग्विनने विचारलं.

“कारण मी दिवसभर तुझ्याकडेच बघत असते!” टाचणी फुटलीच. “तू काय करतोस, कसं करतोस, सगळे कसे तुझ्याभोवती गोळा होतात! बघवत नाही, तरी बघते. झालं समाधान?”

“मग आज लपून पहारा ठेवू!” शिडी म्हणाली. पेंग्विनने नवं पपी चढवलं, टोपण घट्ट लावलं आणि पेनड्राइव्ह खणात टाकला.

संध्याकाळी वाचक पांगले. चौघं नकाशांच्या कपाटामागे दडून बसली. बटणला शिंक येत होती. शिडीने त्याचं नाक चिमटीत धरलं. आणि आले कोण? चपला घासत, गुणगुणत, वाचनालयाचे कारकूनकाका! त्यांनी खण उघडला, टोपण काढलं, पेनड्राइव्ह कचेरीतल्या संगणकाला लावला. पडद्यावर चौकट उमटली. काकांनी ती न वाचताच टिचकी मारली.

“काका, थांबा!” चौघं कपाटामागून उसळली. काकांचा चष्मा नाकावरून घसरला.

“अरे, दरोडेखोर आहात की काय?”

“तुम्ही काय दाबलंत?”

“‘होय’ दाबलं! रोज दाबतो. उद्याची सूचना यात घालून छापायला न्यायची असते ना, छापली की ती पुसून टाकतो. हे यंत्र म्हणतं, डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागेल, करू का? एवढं विचारतंय, तर नाही कशाला म्हणायचं? मला वाटलं, तुम्ही पोरं रोज बिघडवता आणि मी बिचारा रोज दुरुस्त करतो!”

“काका, तुमच्या संगणकाला लिनक्सचा पेनड्राइव्ह वाचता येत नाही, म्हणून तो विचारतो,” पेंग्विन कपाळावर हात मारत म्हणाला. “आणि तुमच्या ‘होय’ने सगळं पुसलं जातं!”

आवाज ऐकून आत्या किल्ल्यांचा जुडगा घेऊन आली. सगळं ऐकून तिने काकांकडे असं पाहिलं की काका आपणहून खुर्चीत आक्रसले.

“सकाळी दार उघडताच अध्यक्ष येतील. आत्ताच करा काय ते. पटकन!”

पेंग्विन लॅपटॉपपुढे बसला. तीन दिवस सगळ्यांदेखत चुकलेला माणूस, त्यात डोक्यावर आत्या! लॅपटॉपला त्याची मोठी डिस्कही जोडलेली होती. वर्षभर खपून त्याने बनवलेला खेळ त्याच डिस्कवर होता. कुठे लिहायचं, असं विचारणाऱ्या यादीत दोन नावं आली. पेंग्विनने घाईत खालचं निवडलं.

टाचणीने आकडा पाहिला. पेनड्राइव्ह एवढा मोठा नव्हता. ती डिस्क होती! आता कळ दाबली की खेळ पुसला जाणार. कुणीच तिला बोल लावला नसता. सगळ्यांना कळलं असतं, की हा महापंडितही माती खातो. हा विचार तिला गोड लागला, अगदी जिभेवर विरघळेपर्यंत गोड.

“थांब!” तिने त्याचं मनगट धरलं. “वरचं निवड. खालची तुझी डिस्क आहे.”

पेंग्विनने यादी पुन्हा वाचली. त्याच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला. “माझा खेळ…” एवढंच तो बोलला. मग माउस तिच्याकडे सरकवून म्हणाला, “तूच कर. मला काही सुचत नाहीये.”

शनिवारी अध्यक्ष आले ते भंगारवाल्याला वेळ देऊनच. टाचणीने पेनड्राइव्ह लावला, संगणक चालू केला आणि घड्याळ बघायच्या आत पपी पडद्यावर हजर! अध्यक्ष वाकून बघू लागले. त्यांनी एक पत्र टाइप करून पाहिलं, पत्त्यांचा एक डाव मांडला आणि पुरता हरले.

“हा डबडा संगणक?” ते डोळे विस्फारून म्हणाले. “अहो, हा माझ्या संगणकापेक्षा चपळ आहे! भंगारवाल्याला नको म्हणून सांगा. कुणी केलं हे?”

“सुरुवात याने केली,” आत्या म्हणाली. “पण चोर पकडला आणि काम तडीला नेलं ते माझ्या भाचीने.”

“चोर काय म्हणता, बाई!” कारकूनकाका कुरकुरले.

“शाबास, पोरी!” अध्यक्ष म्हणाले. “आता सगळे संगणक तुझ्या हाताखाली. उद्या माझाही घेऊन येतो, तूच बघ!”

टाळ्या पडल्या. “माझी ताई आहे ती!” बटण छाती फुगवून सांगत सुटला. शिडी तिच्या गळ्यात पडली. आणि या गर्दीपलीकडे, खिडकीपाशी, हाताची घडी घालून कोण उभं होतं? पेंग्विन! टाळ्या वाजवायच्या तो विसरला होता आणि ओठांचा चंबू झाला होता.

हा चेहरा टाचणीने आतून ओळखला. किती दुखतं, कुठे दुखतं, तिला सगळं पाठ होतं. तिने तो चेहरा थोडा वेळ, अगदी मन भरेपर्यंत पाहून घेतला. मग शेजारची खुर्ची ओढली आणि म्हणाली,

“ए मावसभाऊ, तिथे उभं राहून काय जळतोस? इकडे बसून जळ! इतके संगणक मला एकटीला उरकायचे नाहीत.”